रक्त कमी

शौकत तांबोळी एका जागी बसणारा माणूस. त्याची ख्यातीच तशी होती. राजगुरुनगरला वडिलांच्या पानाच्या गादीवर लहानपणी तासन् तास बसून पानं पुसली म्हणून असेल, की मुळातच असेल, पण घाई म्हणून त्याच्या अंगात नव्हती. १९६४ साली पिंपरीच्या एका कामगार दवाखान्यात तो रक्त-लघवी तपासायला लागला. आजूबाजूला कंपन्यांच्या शेडमागून शेड उठत होत्या. शिफ्ट सुटली की दवाखान्यात झुंबड उडायची. कुणाला ओव्हरटाइमला पळायचं असायचं, कुणाला बस गाठायची असायची. त्या गर्दीत शौकत मात्र खिडकीपाशी स्टुलावर बसलेला. हातात काचेची बारीक नळी, नजर नळीत.

रक्त किती आहे ते पाहायची तेव्हाची रीत साधी होती. बोटाला टोचायचं, थेंब नळीतल्या आम्लात सोडायचा, दहा मिनिटं थांबायचं. रक्त काळपट तपकिरी झालं की थेंब थेंब पाणी घालत, काचेच्या काडीनं ढवळत, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. हे काम उजेडात करायचं आणि घाई न करता. शौकतचा आकडा चुकत नाही, असं मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे. मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण रोज दीडशे पेशंट बघून बघून त्यांना माणसाच्या तोंडाकडे पाहायला वेळ उरत नसे.

१९७३ साली, दुष्काळातून बाहेर पडलेली बीडकडची बरीच माणसं या भागात आली, त्यांत यशोदाबाई आणि त्यांचा नवरा भैरू हे जोडपं होतं. भैरू एका ओतकाम कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला. यशोदाबाई दवाखान्यात आया म्हणून लागल्या. झाडलोट आणि शौकतच्या नळ्या-बाटल्या धुणं हे त्यांचं काम. तिशीच्या आतबाहेरची उंचीपुरी बाई. नळ्या अशा लख्ख धुवायच्या की शौकतला पुन्हा उजेडात धरून पाहावं लागत नसे. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख त्या कधी बोलून दाखवत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी शौकतला 'भाऊ' म्हणायला सुरुवात केली. त्याची बायको परवीन डब्यात शेवयांचा शिरा पाठवायची, तेव्हा त्यातला निम्मा न विचारता यशोदाबाईंच्या ताटलीत जायचा.

आम्लाची नवी बाटली आली किंवा नवी नळी आली की शौकत ती आधी ओळखीच्या रक्तावर तपासून घ्यायचा. एकदा स्वतःच्या, एकदा यशोदाबाईंच्या. स्वतःचं चौदाच्या आसपास यायचं. यशोदाबाई हात पुढं करायच्या, तो टोचायचा, आणि रजिस्टरच्या कडेला बारीक अक्षरात 'य.' लिहून आकडा टाकायचा. १९७८ साली साडेनऊ आला. "बाई, रक्त कमी आहे तुमचं," तो म्हणाला. त्यानं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "बायकांना कमीच असतं तांबोळी. पालेभाजी खा म्हणावं."

यशोदाबाईंनी गोळ्या खाल्ल्या, मेथी खाल्ली. पुढच्या वर्षी आठ आला. १९८० च्या जानेवारीत सात. शौकतनं तो लिहिला. पुन्हा गोळ्या मिळाल्या. आणि आपण सांगितलं, औषध चालू आहे, म्हणून तो निर्धास्त राहिला. सकाळी यशोदाबाईंचा चेहरा सुजलेला असे. त्याला वाटे, झोप झाली नसेल. पाण्याची बादली त्या आता दोनदा खाली ठेवत आणायच्या. त्याला वाटे, वय होतंय.

१९८१ च्या फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी यशोदाबाई बादली घेऊन तीन पायऱ्या चढल्या आणि चौथीवर बसल्या. शौकत बाहेर आला तेव्हा त्या भिंतीला टेकून माशासारखं तोंड उघडून श्वास घेत होत्या. ओठ पांढरे पडले होते. त्यानं त्यांचा हात धरला. हात थंड, आणि नखांत रंगच नव्हता. रोज दिवसभर रंग जुळवणारा माणूस तो, आणि ती नखं त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

रक्त पाच पूर्णांक दोन आलं. रक्तदाब पाहणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा पट्टा बांधून पाहिला, कारण इतक्या वर गेलेल्या आकड्यावर पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. शौकतनं लघवी उकळून पाहिली तर नळीतलं सगळं अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठलं. मग रक्तातला युरिया, मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची ती घाण, मोजला. तो आकडा पाहून त्यानं नळी ठेवून दिली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आज नाही, काल नाही, केव्हापासूनची.

त्या दिवसापासून शौकतचं बसणं संपलं.

पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात तेव्हा रक्त धुण्याची दोनच यंत्रं होती. मोठ्या डॉक्टरांनी त्या कामात मात्र हयगय केली नाही. चिठ्ठ्या लिहिल्या, मंजुरी आणली, स्वतः फोन केले. मार्चमध्ये यशोदाबाईंच्या मनगटापाशी दोन नळ्या बसवल्या आणि आठवड्यातून दोनदा, सहा-सहा तास, डायलिसिस सुरू झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई रेगे तरुण होत्या, कमी बोलायच्या, पण विचारलं तर पूर्ण उत्तर द्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी छातीचा फोटो उजेडाला लावला आणि शौकतला जवळ बोलावलं.

"हे हृदय बघा. किती रुंद झालंय."

शौकतला फोटोतलं फारसं कळत नव्हतं, पण ती पांढरी सावली अर्धी छाती व्यापून बसली होती एवढं दिसलं.

"मूत्रपिंडाचं काम यंत्र करेल," रेगेबाई म्हणाल्या. "मला काळजी या हृदयाची आहे. रक्त पातळ झालं की हृदयाला तेवढंच काम करायला दुप्पट धावावं लागतं. वर प्रेशर. तीन-चार वर्षं हे असं धावत असणार. यंत्रावर आलेली माणसं जातात ती बहुतेक हृदयानं जातात, आणि पहिले काही महिने सगळ्यांत वाईट."

"लोहाच्या गोळ्या चालू होत्या, मॅडम."

"लोह कमी नव्हतंच. रक्त तयार कर असा निरोप हाडांतल्या मगजाला मूत्रपिंडाकडून जातो. निरोप देणाराच गेला, मग गोळ्या काय करणार? त्याला आज तरी औषध नाही. बाहेरचं रक्त द्यायचं, तेही बेतानं. भराभर दिलं तर याच हृदयावर लोट येईल."

शौकतनं मान हलवली. बाहेर येऊन तो इस्पितळाच्या आवारात चालत राहिला. एक फेरी, दुसरी, पाचवी. चहावाल्यानं विचारलं, "कुणी हरवलंय का साहेब?"

आता त्याचे दिवस असे झाले: सकाळी काळेवाडीच्या घरून सायकलीवर दवाखाना, दुपारी भैरूच्या कारखान्याचं गेट, ज्या दिवशी यशोदाबाईंचं डायलिसिस असेल त्या दिवशी रजा टाकून बसनं पुणं. ताटावर बसला की दोन घास खाऊन उठायचा, कारण काहीतरी आठवायचं. परवीन म्हणायची, "भाकरी संपेपर्यंत तरी बसा. तुमच्या उठण्यानं कुणाचं रक्त वाढतंय का?" तिचं म्हणणं खरं होतं आणि तरी तो उठायचा.

रक्त मिळवणं हे वेगळंच काम होतं. भैरूबरोबर भट्टीवर काम करणारे गडी एकेक मण उचलायचे, पण बाटलीभर रक्त म्हटलं की मागं सरायचे. रक्त दिलं की ताकद जाते, संसाराला माणूस निकामी होतो, असं पक्कं बसलेलं. शौकत तीनच्या शिफ्टला गेटवर उभा राहायचा. तो बोलण्यातला माणूस नव्हता. एक दिवस त्यानं सरळ आपला दंड दाखवला. "परवा दिलंय. आज पिंपरीहून सायकल मारत आलोय. हात लावून बघा." कुणी हसलं. किसन नावाचा भट्टीवरचाच एक रांगडा गडी पुढं झाला. म्हणाला, "चला भाऊ, बघू तरी." इस्पितळात गेल्यावर रक्त घेण्याआधी त्याचा रक्तदाब तपासला तर तो इतका वर निघाला की त्याला परतच पाठवलं. किसनला त्याचा अपमान वाटला. पण त्याच्या पाठोपाठ आलेल्या दोघांनी रक्त दिलं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी तिघांनी.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी यंत्र घरघरत होतं. यशोदाबाई पलंगावर पडल्या होत्या, भैरू बाहेर पायरीवर बसला होता. शौकत स्टुलावरून उठत होता, परत बसत होता. दीड महिना जे पोटात साठलं होतं ते त्याला आता आवरेना.

"यशोदाबाई, एक सांगायचंय. तुमचं रक्त तीन वर्षं उतरत होतं. माझ्याच हातानं काढलेलं, माझ्याच रजिस्टरात लिहिलेलं. साडेनऊ, आठ, सात. एकाखाली एक ठेवून मी कधी पाहिलंच नाही. गोळ्या खाऊन वाढत नाही म्हणजे काहीतरी दुसरं आहे, एवढं मला कळायला हवं होतं. एकदा लघवी उकळून बघितली असती तरी कळलं असतं."

 त्या हळू म्हणाल्या, "मला ठावं व्हतं की, भाऊ. तुमी टोचायचे, लिवायचे. मला वाटायचं, लिवलंय म्हंजी कुनीतरी बघत आसंल."

शौकत पुन्हा स्टुलावरून उठला.

"आज किती आलं?" त्यांनी विचारलं.

"साडेसहा."

"मंग वाढलं की," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शौकतला सोसायला सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी त्यानं खिशातली छोटी वही काढली आणि त्या वॉर्डात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाचा आकडा लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ यशोदाबाईंची. नाव, गाव, पहिल्या दिवशीचं रक्त, रक्तदाब. पुढची जागा मोकळी. का लिहितोय हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण आता लिहिलेलं रोज वाचायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं.

मे महिना कडक निघाला. डायलिसिसवरच्या माणसानं पाणी मोजून प्यायचं असतं, कारण प्यालेलं बाहेर पडायला वाट नसते. ते अंगात साठतं आणि हृदयावर भार टाकतं. यशोदाबाईंना दिवसाला दोन पेले. पत्र्याच्या खोलीत, त्या उन्हात, दोन पेले. शौकतनं त्यांना ओला रुमाल तोंडावर धरायला सांगितलं, आवळ्याची फोड चघळायला दिली. भैरू माठ शेजारच्या खोलीत ठेवू लागला आणि स्वतःही तिकडे जाऊनच पाणी प्यायचा. तरी एका रविवारी, भैरू कामावर असताना, यशोदाबाई शेजारणीकडे गेल्या आणि पोटभर पाणी प्याल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. "ऱ्हावलं न्हाई."

मंगळवारी सकाळी त्यांना आडवं होता येईना. बसूनच श्वास घेत होत्या, आणि श्वासाबरोबर छातीत पाणी वाजत होतं. भैरूनं रिक्षा आणली आणि वाटेत दवाखान्यासमोर थांबवून शौकतला हाक मारली. शौकत हातातली नळी तशीच टाकून धावला. दोघांच्या मध्ये यशोदाबाई. कासारवाडी मागं पडली. दापोडीचा पूल यायच्या आधी त्यांनी शौकतचा हात घट्ट धरला आणि मग धरलेला हात सैल झाला. भैरूच्या ते लक्षात आलं नव्हतं. तो रिक्षावाल्याला म्हणत होता, "दादा, जरा जोरात घ्या."

यंत्रावर आल्याला अकरा आठवडे झाले होते.

भैरू महिन्याभरानं गावाकडं निघून गेला. निघताना तो शौकतकडे आला. परवीननं त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या.

आता शौकतनं थांबायला हवं होतं. त्याला पुण्याला जायचं कारण उरलं नव्हतं. पण सुटीचा दिवस आला की त्याचे पाय बसस्टॉपकडे वळायचे. तो वॉर्डात जायचा, परिचारिकांना विचारायचा, वहीतल्या मोकळ्या जागा भरायचा. वर्ष संपेपर्यंत वहीत एकोणीस नावं झाली. त्यानं ती रक्ताच्या आकड्यानुसार पुन्हा लावून पाहिली. पहिल्या दिवशी रक्त सहाच्या खाली असलेले सात. त्यांतले पाच गेले, चौघं हृदयानं, बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत. सहाच्या वर असलेले बारा. त्यांतले तिघे गेले. यशोदाबाईंची जागा त्यानं सगळ्यांत शेवटी भरली.

त्यानं वही रेगेबाईंसमोर ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

"हे कुणी करायला सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"एकोणीस माणसांवर काही सिद्ध होत नाही, तांबोळी. आणि रक्त कमी असलेली माणसं उशिरा आलेली असतात, त्यांचं प्रेशर जास्त असतं, सगळंच जास्त बिघडलेलं असतं. रक्तानंच हृदय गेलं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही." त्यांनी वही मिटली. "पण आम्हाला दिसतंय तेच तुम्हाला दिसलंय. फक्त माझ्याकडे येईपर्यंत उशीर झालेला असतो. तुमच्याकडे ही माणसं तीन वर्षं आधी येतात. रक्त कमी म्हणून."

परतीच्या बसमध्ये जागा होती, पण शौकत दांडा धरून उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटातली जुनी रजिस्टरं खाली काढली. काम संपल्यावर रोज तासभर. एकच नाव दोनदा-तीनदा आलंय, गोळ्या घेऊनही आकडा चढलेला नाही, अशी नावं त्यानं वेगळी काढली. चौसष्ट निघाली. ती यादी घेऊन तो मोठ्या डॉक्टरांच्या टेबलापाशी उभा राहिला.

"तांबोळी, आकडा लिहायचं काम तुमचं. अर्थ लावायचं आमचं."

"साहेब, अर्थ लावा एवढंच म्हणतोय."

असं तो यापूर्वी कधी बोलला नव्हता. खोलीतला कारकून लिहायचा थांबला. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. यशोदाबाई त्यांनाही रोज सकाळी टेबल पुसताना दिसायच्या, ते त्या क्षणी त्यांच्या मनात आलं की नाही कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "लघवी आणि युरिया करून घ्या सगळ्यांचं. मी सही करतो."

चौसष्टांतले निम्मे गाव सोडून गेलेले, नोकरी सोडलेले. उरलेल्यांना शौकतनं निरोप धाडले. काही आले, काही भांडले की आम्हाला काही झालेलं नसताना कशाला बोलावता. बहुतेकांना जंत होते, नाहीतर खाण्याचीच आबाळ होती. पण तिघांची लघवी उकळल्यावर गोठली. आणि यादीत नसलेल्या एका माणसाला शौकतनं स्वतः जाऊन आणलं, किसनला, ज्याला रक्त न घेता परत पाठवलं होतं. त्याच्याही लघवीत तेच निघालं. थोडं, पण होतं.

किसन आधी ऐकेना. "मला काय होतंय राव? डबल शिफ्ट करतो."

"यशोदाबाईही बादल्या उचलत होत्या," शौकत म्हणाला.

किसननं मीठ सोडलं, प्रेशरच्या गोळ्या धरल्या. १९८३ साली तो कामावर होता, त्याचं रक्त बारा होतं आणि दर दोन महिन्यांनी तो शिव्या देत बोट पुढं करायचा. उरलेल्या तिघांपैकी एकाला पुढं यंत्रावर जावंच लागलं, पण तो स्वतःच्या पायानं चालत गेला, रक्त नऊ असताना. दुसऱ्याचं बरं चाललं होतं.

तिसरी शालनबाई. रहाटणीची, एका कामगाराची बायको, घरी चार म्हशी. तपासणीला यायच्या तारखा ती नेहमी चुकवायची. त्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या एका रविवारी परवीननं मटण लावलं होतं. शौकत ताटावर बसला आणि उठला.

"आता कोण?" परवीननं विचारलं.

"रहाटणीची बाई. तीन आठवडे झाले."

परवीननं ताट झाकलं. "जा. पण येऊन बसून जेवायचं."

शालनबाई गोठ्यात शेण काढत होती. शौकतला बघून तिनं पदर खोचला. "भाऊ, आज न्हाई. धारा व्हायच्यात, वैरण आनायचीय. मला येळ कुठं हाय?"

"मी थांबतो," शौकत म्हणाला आणि सायकल भिंतीला लावली.

"लई येळ लागंल."

"लागू दे."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग पुन्हा घमेल्याकडं. शेवटी हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि बोट पुढं केलं. शौकतनं आधी तिची नखं पाहिली. उन्हाकडं वळवून, एकेक बोट दाबून, सोडून. मग सुई काढली.